एमएचला पाठवतायत

लग्नाआधी मला कुणी म्हटलं असतं, की बाई, तू नवऱ्याशी दोन शब्द बोलायला रोज संध्याकाळी विमानातून उडी मारशील आणि हातात बंदूक घेऊन परक्याच्या घरात घुसशील, तर मी त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. माझा नवरा फौजेत. लग्नाची हळद अंगावर असतानाच सुट्टी संपली आणि हे गेले ते थेट वरच्या डोंगरात. मी रहिमतपूरकडची, सून होऊन कुंडलला आले, आणि घरात उरलो चौघं: सासू, सासरे, धाकटा दीर आणि मी. सासूला आम्ही आत्या म्हणतो, सासऱ्यांना मामा.

फोनवर आमचं बोलणं म्हणजे नुसती शिक्षा होती. तिकडं बराकीत ह्यांच्या आजूबाजूला दहा माणसं, इकडं माझ्या आजूबाजूला सासर. हे विचारणार, जेवलीस का. मी म्हणणार, जेवले, तुम्ही? त्यापुढं दोघांनाही काही सुचायचं नाही. मग एकदा दिरानं सांगितलं, ‘वयनी, दादा रोज सांच्याला गेमवर असतोय. तिथं लय बोलतोय गड्या.’ मला राग आला. बायकोशी बोलायला शब्द नाहीत आणि गेमवर लय बोलतोय? दिराकडून गेम फोनमध्ये घेतला आणि शिलाई मशीनच्या टेबलावर फोन टेकवून, दारावर आलेली पिको-फॉलची गिऱ्हाइकं तशीच ठेवून मी पहिल्यांदा उडी मारली. जमिनीवर पाय टेकायच्या आधीच मेले.

पण दिरानं सांगितलं ते खरं होतं. गेममध्ये हे वेगळेच होते. थट्टा करायचे, चिडवायचे, टाइप करून करून मला हसवायचे. कुणाला काही कळत नसे, कारण शेजारच्याला वाटे माणूस गोळ्या झाडतोय. चौघांची टीम लागते. हे, मी, दीर आणि शिरवळच्या कारखान्यात कामाला असलेला माझा धाकटा भाऊ, असे आम्ही चार झालो. गेममध्येच आमचा एक ग्रुप होता. ह्यांचा काही निरोप असला तर तो तिथंच यायचा. नवरा-बायकोचा संसार आम्ही असा चौघांत मांडला होता.

सुरुवातीला मला सगळ्यात मोठा धक्का दिला तो अक्षरांनी. गेम खेळणारी माणसं पूर्ण शब्द बोलतच नाहीत. दोन अक्षरं फेकायची, पुढच्यानं झेलायची. त्यातली अर्धी अक्षरं आपल्या घरात आधीच नांदत असतात, वेगळ्या अर्थानं. एकदा दीर ओसरीवरून ओरडला, ‘एचपी संपली! एचपी संपली!’ मामा शेताकडं निघाले होते, ते जागच्या जागी थांबले. ‘पाच एचपीची मोटार हाय, संपंल कशी?’ गेममध्ये एचपी म्हणजे अंगात उरलेला जीव, हे त्यांना सांगायला दीर मोकळा नव्हता, तो मरत होता. दुसऱ्यांदा टीमबाहेरच्या कुणा पुण्याच्या मुलीनं त्याला लिहिलं, डीपी छान आहे तुझा. दिरानं मन लावून उत्तर दिलं, ‘नवीन हाय. जुना जळला. दोन आठवडे अंधारात काढलं, मग बसवला.’ आमच्याकडं डीपी म्हणजे रानातला ट्रान्सफॉर्मर. त्या मुलीला वाटलं असणार, मुलाच्या आयुष्यात काहीतरी भयंकर घडलंय. तिनं मोठ्या मायेनं लिहिलं, काळजी घे.

मला बसलेला दणका वेगळाच. ह्यांच्या बराकीतला एक मित्र आमच्याबरोबर खेळला आणि त्यानं सगळ्यांदेखत लिहिलं, वहिनी ओपी आहे. मी फोन पालथा करून खाली ठेवला. ओपी म्हणजे काय? मला तर दवाखान्याचा ओपीडी आठवला, आणि त्याहून वाईट-वाईट काय काय आठवलं ते इथं लिहीत नाही. दोन दिवस मी गेम उघडला नाही. शेवटी ह्यांनी फोन करून समजावलं. ओपी म्हणजे जिच्यापुढं कुणाचं चालत नाही अशी. मी म्हटलं, मग तसं मराठीत म्हणायला काय झालं होतं त्याला? हे म्हणाले, ‘आधी कोण बोलतंय ते बघायचं. मग काय बोलतंय ते बघायचं. अक्षरांकडं सगळ्यात शेवटी बघायचं.’

हे मी शिकले. इतकी शिकले की भाऊ मला विचारायला लागला. तो ‘डीसी झालो’ म्हणाला की नेट गेलं. कुणी ‘एएफके’ लिहिलं की तो माणूस खुर्ची सोडून उठला. तीच अक्षरं लढाईच्या आधी आली तर एक, लढाईनंतर आली तर दुसरी, आणि हरलेल्यानं लिहिली तर तिसरीच. मागचा-पुढचा शब्द बघायचा, माणसाचा स्वभाव बघायचा, की अर्थ आपोआप बसतो. मला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं.

टीमला नाव द्यायच्या वेळी जुंपली. दिराला हवं होतं एमएच टेन, कारण आम्ही सांगलीचे. भाऊ म्हणाला, एमएच अकरा, सातारा आधी. दोघंही गाडीच्या नंबरप्लेटवरून असे भांडले की जणू जिल्हा त्यांच्याच नावावर आहे. ह्यांनी तोडगा काढला. नुसतं एमएच. तेव्हापासून आमच्यात एमएच म्हणजे आपलं घर, आपला मुलूख, आपण सगळे. ‘एमएचला कवा येणार?’ असं मी लिहायची, आणि हे लिहायचे, ‘एमएचला ऊस तुटायच्या आत येतो.’

मामांना या गेमचा तिटकारा. ते स्वतः सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. ‘खरी बंदूक हातात दिलीया सरकारनं, आन ह्यो खोटी घिऊन बसतोय,’ म्हणायचे. त्यांच्या बोलण्यातही अक्षरांचा सुकाळ होता. सुट्टीला ते सीएल नाहीतर एएल म्हणत, आणि चहा उशिरा आला तर मला नाही, आत्यांना म्हणत, ‘तुमचा सीओ कोण हाय?’, म्हणजे वरचा साहेब कोण. पण ती त्यांची अक्षरं आणि ही आमची. दोन्हींची कधी गाठ पडेल असं मला वाटलंच नव्हतं.

त्या रविवारी दुपारी आमची मोठी मॅच होती. कुठल्याशा ग्रुपनं भरवलेली, बाहेरच्या बऱ्याच टीम होत्या. असल्या मॅचला आधी एक रूम उघडतात. तिचा नंबर आणि पासवर्ड सगळ्यांना देतात, आणि वेळेच्या आत जो तो त्या रूममध्ये जाऊन आपल्या जागेवर बसतो. ऊसतोड चालू असूनही दीर टोळीला जेवायला बसवून घरी आला होता. भावानं पाळी बदलून घेतली होती. आम्ही तिघं रूममध्ये जाऊन बसलो. चौथी जागा मोकळी.

आणि ह्यांचा मेसेज आला. आम्ही सगळेच मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो, आणि ह्यांची सवय अशी की सगळी अक्षरं बारकी, ना पूर्णविराम ना काही. मी वाचलं: मी रूममध्ये आहे, चालू करा.

‘कुठल्या रूममध्ये?’ भावानं लिहिलं. उत्तर नाही. ‘दाजी, नंबर बघा, दुसऱ्याच रूममध्ये घुसलाय.’ उत्तर नाही. दीर आपल्या फोनवर बोट आपटत होता. असं खूपदा होतं, एखादा आकडा चुकतो आणि माणूस परक्यांच्या रूममध्ये जाऊन आपल्या लोकांची वाट बघत बसतो. वेळ संपली. आम्ही तिघंच खेळलो आणि सपाटून मार खाल्ला. दीर म्हणाला, ‘दादा लय बेभरवशाचा हाय.’ भावानं तर पुढं-मागं न बघता दोन-चार शेलके शब्द लिहिले. मी मनातून खट्टू झाले. एवढं सगळं जमवून आणलं आणि हा माणूस आहे कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते आणि फोन वाजला. ह्यांचाच मेसेज. उद्या एमएचला पाठवतायत, आईला सांगू नका.

सुई बोटात घुसली, मला कळलंसुद्धा नाही. सुट्टी! आणि तीही न सांगता! आमच्या गावात फौजेतली माणसं घरी यायची तर ही एक रीतच आहे. कुणाला कळवायचं नाही, सकाळच्या गाडीनं उतरायचं, खांद्यावर ट्रंक घेऊन गल्लीत शिरायचं आणि मागच्या दारातून आईला हाक मारायची. मग आईनं हातातलं भांडं टाकायचं, रडायचं, आणि शेजारपाजाऱ्यांनी जमायचं. हे दोन वर्षांपूर्वी असेच आले होते असं आत्या अजून रंगवून सांगतात. म्हणूनच ‘आईला सांगू नका.’ मला किती लख्ख कळलं! आधी कोण बोलतंय ते बघितलं, मागचा-पुढचा शब्द बघितला, आणि अर्थ कसा अगदी मापात बसला. दिरानंही वाचलं आणि रानातून फोन करून नुसता हसला. भावानं लिहिलं, ‘दाजी, म्हणून काल गायब व्हय! बॅगा भरत बसला हुता!’

त्यावर ह्यांचं काही उत्तर आलं नाही. प्रवासात रेंज नसते, हे काय आम्हाला माहीत नव्हतं?

मग पुढचे दिवस मी घरात अशी वावरले की आता आठवलं तरी लाज वाटते. स्वतःसाठी ब्लाउज बेतला, गळा नेहमीपेक्षा थोडा मोठा. माळ्यावरची भांडी काढून घासली. शेंगदाण्याच्या पोळ्या ह्यांचा जीव की प्राण, त्या केल्या. आत्या विचारायला लागल्या, ‘आगं, ना सण ना वार, येवढ्या पोळ्या कुणाला?’ मी म्हटलं, भाऊ येणार आहे. खोटं बोलायलासुद्धा मजा वाटत होती. एकदा तर मशीनवर बसल्या-बसल्या गाणं गुणगुणत होते, तर मामा ओसरीवरून म्हणाले, ‘सूनबाईची आज परेड गाजतीया.’

मोजून बघितलं तर गुरुवारी सकाळी यायला हवे होते. गुरुवार गेला. शुक्रवारी मी सकाळपासून चार वेळा दारात जाऊन आले. उसाच्या ट्रॉल्या गेल्या, दूधवाला गेला. पाचव्यांदा गेले तेव्हा मामा ओसरीवर दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, ‘कुणाची वाट बघतीयास?’

मी आत बघितलं. आत्या परसात होत्या. मला राहवेना. म्हटलं, ‘मामा, आत्याला सांगू नका, पण हे यायला लागल्यात. सोमवारी मेसेज आला हुता.’

मामांच्या चेहऱ्यावर हसू आलं. गालावर साबण तसाच. ‘आसं व्हय! कुठवर आला? कोणत्या गाडीनं?’

‘ते काय लिहिलं न्हाई. नुसतं एमएचला पाठवतायत म्हणून लिहिलंय.’

हातातला वस्तरा त्यांनी हळूच खाली ठेवला. ‘कुठं पाठवत्यात?’

‘एमएचला. म्हंजी इकडं, आपल्याकडं.’

‘फोन आण.’

मी फोन दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला आणि एकेक अक्षर जोडत वाचलं. मग विचारलं, ‘ह्येच्या आधी काय लिहिलंय?’ मी बोटानं वर सरकवून रविवारचा मेसेज दाखवला. ‘ते गेमचं हाय मामा. मी रूममध्ये आहे म्हणून.’

‘मी?’ मामा म्हणाले. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. ‘ह्ये मी न्हाई, पोरी. एम आन आय. एमआय रूम. आमी आजारी पडलो की जितं जातो ती एमआय रूम. पलटणीचा दवाखाना त्यो.’ ते थांबले. ‘आन तितं भागलं न्हाई की मग एमएच. मिल्ट्री हॉस्पिटल.’

मी फोनकडं बघितलं. तीच अक्षरं, मी शंभरदा वाचलेली. एमआय रूममध्ये आहे, चालू करा. म्हणजे माझ्यावाचून खेळा. एमएचला पाठवतायत. आईला सांगू नका. एक अक्षर बदललं नव्हतं आणि सगळं बदललं होतं. मामा काहीतरी बोलत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, गालावरचा साबण सुकून पांढरा झाला होता, आणि मला एवढंच कळत होतं की माझा नवरा पाच दिवस दवाखान्यात आहे आणि मी पोळ्या लाटत होते.

कोण बोलतंय ते आधी बघ, म्हणाले होते ना? मी बघितला तो गेममधला माणूस. फौजी बोलत होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. फौजी माणसाच्या घरात, सुभेदाराची सून होऊन मी राहत होते, आणि घरभर जी अक्षरं रोज ऐकू यायची ती कानाआड केली. ह्यांना वाटलं असणार, हिला कळेल, न कळलं तर मामांना विचारेल. आणि पुढंच लिहिलं होतं की आईला सांगू नका, म्हणून मी मामांनाही सांगितलं नाही. विचारायचा एकच माणूस होता, त्याच्यापासूनच मी लपवलं.

मामांनी तोंड पुसलं, आत जाऊन शर्ट घातला, बटणं लावली, मग फोनला बसले. आत शर्ट घालायला का गेले ते मला तेव्हा कळलं नाही. ते पलटणीला फोन लावणार होते, आणि त्यांना पलटणीशी उघड्या अंगानं बोलता येत नव्हतं. ह्यांच्या कंपनीतल्या एका तासगावकडच्या जवानाचा नंबर दिराकडं होता. दीर रानातून धावत आला होता, चिखलाचे पाय घेऊन तसाच उभा. फोन लागला. मामा आधी हिंदीत बोलले, मग तो जवान स्वतः फोनवर आल्यावर मराठीत. पोटात दुखत होतं, दोन दिवस अंगावर काढलं. एमआय रूममध्ये इंजेक्शन दिलं. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटभर पू झाला होता. एमएचला नेल्याबरोबर ऑपरेशन केलं. हे सगळं मामा मोठ्यानं, आमच्यासाठी, पुन्हा-पुन्हा म्हणून घेत होते. मग त्यांनी आवाज उतरवला.

‘नाव कुटं चढवलंय? एसआयएल का डीआयएल?’

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. मामा नुसतं ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवला.

‘मामा, ते काय?’ मी विचारलं. ‘शेवटी काय विचारलं तुमी?’

दिरानं दोनदा विचारलं. मग म्हणाले, दवाखान्यात अशा दोन याद्या असतात. एकीत आजार मोठा असलेली माणसं. दुसरीत जीवाला धोका असलेली. दुसरीत नाव गेलं की घरच्यांना बोलावून घेतात. ‘डेंजरसली इल लिस्ट. डीआयएल.’ सकाळीच नाव चढलं होतं. पलटणीतून आम्हाला फोन येणारच होता.

मला वाटलं, आपण ही अक्षरं आता कधीच विसरणार नाही. आणि त्याच क्षणी, मेल्या डोक्याला हेही सुचलं, की ही इंग्रजीत सरळ लिहिली तर दिल होतं. इतका वाईट शब्द आणि इतक्या गोड अक्षरांत! असलं काही त्या वेळी सुचावं याची मला शिसारी आली. मी चुलीपुढं जाऊन बसले आणि दात दातांवर दाबून धरले.

मामा आणि दीर त्याच दुपारी निघाले. मीही निघणार होते, पिशवीत दोन साड्या कोंबल्याही होत्या. पण आत्यांना बीपी आहे, त्यांना एकटं ठेवता येत नव्हतं आणि सांगताही येत नव्हतं. मामा दारात हळूच म्हणाले, ‘त्येनं आईला सांगू नका म्हणून लिहिलंय. येवढा त्येचा शब्द ठिवू. तू हितं ऱ्हा.’ आत्यांना सांगितलं, पेन्शनच्या कामाला पुण्याला चाललोय. आत्या म्हणाल्या, मग दोघं कशाला? मामा पहिल्यांदाच त्यांच्यावर खेकसले नाहीत. त्यामुळं आत्यांना संशय आला असता, पण त्यांनी तो माझ्या भावावर घातला. भाऊ येणार म्हणून पोळ्या केल्या आणि तो आलाच नाही, म्हणून सून तोंड पाडून बसलीय, असं त्यांनी ठरवलं आणि मला समजावत राहिल्या.

त्यांच्या समोर बसून जेवणं हा खरा छळ होता. घास गिळायचा आणि वर हसायचं. त्या ह्यांच्या लहानपणीच्या खोड्या सांगायच्या, मुलगा कसा विहिरीत उडी मारून तिथंच लपून बसला आणि सगळ्या गावानं कसा गळ टाकून शोधला. मी हं हं म्हणत ऐकायची. दिराचा फोन यायचा, ‘आजून तसंच हाय वयनी.’ तसंच म्हणजे नाव त्याच यादीत. मामांनी तर फोनच घेतला नाही. एकदा मागून त्यांचा आवाज आला, ते कुणाला तरी कडक हिंदीत काही विचारत होते, आणि दिरानं घाईनं फोन ठेवला.

भावाला मी फक्त एवढंच सांगितलं होतं की दाजी आजारी आहेत, ऑपरेशन झालंय. यादीचं त्याला बोलले नव्हते. त्या शब्दाचा उच्चारच मला नको होता.

त्यानंतरच्या एका सकाळी मी मशीनवर बसले होते. काम काही होत नव्हतं, नुसता पाय पॅडलवर होता. फोन वाजला. गेमचा ग्रुप, ज्याच्याकडं मी तेव्हापासून बघितलंसुद्धा नव्हतं. मेसेज ह्यांचा. ह्यांच्याच फोनवरून, ह्यांच्याच बारक्या अक्षरांत:

दिलमधून काढलं, आता बरं वाटतंय.

मी तो एकदा वाचला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. डोकं मशीनवर टेकलं आणि रडले, रडले, इतकी रडले की श्वास पुरेना. काढलं! नाव काढलं! जगात कुठल्या बायकोला नवऱ्यानं असं लिहावं आणि तिनं फोनचा मुका घ्यावा? मी घेतला.

तेवढ्यात शिरवळहून भावाचा फोन. त्यानंही ग्रुपवर वाचलं होतं. तो कारखान्यातूनच ओरडत होता, मागं मशिनरीचा खडखडाट. ‘ताई! ह्ये काय लिहिलंय दाजींनी? दिलमधून काढलं? कुणाला काढलं? आन वर बरं वाटतंय?’ मी नुसती हुंदके देत होते. त्यानं ते ऐकलं आणि त्याचा पारा आणखी चढला. ‘रडू नगंस तू. आजारी आसू दे न्हाईतर काय आसू दे, मी इचारतो त्येन्ला. आत्ताच्या आत्ता गाडी काढतो.’

‘आरं काढलंय रं,’ मी कशीबशी म्हणाले, ‘देवा, खरंच काढलंय,’ आणि पुन्हा रडू फुटलं. त्यानं फोन आपटला.

मागं आत्या येऊन उभ्या होत्या. हाताला पीठ, चेहरा पांढराफटक. ‘काय झालं? कुणी काय काढलं?’

मला सगळं एकदम सांगायचं होतं आणि एकही शब्द जुळत नव्हता. मी रडत होते आणि हसत होते, आणि त्याच अवस्थेत म्हणाले, ‘आत्या, त्यांनी लिहिलंय, दिलमधून काढलं.’

आत्या पुढं झाल्या. माझं डोकं पोटाशी धरलं आणि तिथंच, हवेत कुठंतरी उत्तरेकडं तोंड करून, पोटच्या पोराला शिव्या द्यायला सुरुवात केली. लग्नाच्या बायकोला दिलमधून काढतोस? तिकडं कुणी भेटली व्हय तुला? येऊ दे घरी, तंगडं मोडून हातात देते. मी त्यांना थांबवलं नाही. मला त्या शिव्या इतक्या गोड लागत होत्या की काय सांगू. शिव्या खायला त्यांचा मुलगा होता. तंगडं मोडायला तो घरी येणार होता. त्या म्हणत राहिल्या आणि मी त्यांच्या पिठाच्या हातांत तोंड लपवून ऐकत राहिले.

मग त्या म्हणाल्या, ‘मुडद्या, तुजा...’

आमच्याकडं प्रत्येक आई पोराला दिवसातून दहादा मुडद्या म्हणते. त्यात मायाच असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण मी ताडकन उठले आणि त्यांच्या तोंडावर हात ठेवला. आत्या माझ्याकडं बघतच राहिल्या. माझा हात काही केल्या निघेना. तो तसाच ठेवून मी त्यांना रविवारपासून सगळं सांगितलं.